सागरेश्वरचं कुंपण, चांदोलीचा सडा

पहिला दिवस : भिलवडी, अंकलखोप, औदुंबर

भारतातली पहिली सर्कस उभी करणारे विष्णुपंत छत्रे हे कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. कुरुंदवाड संस्थानात घोड्यांना शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. मुंबईत त्यांनी कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस बघितली आणि १८८० साली स्वतःची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. पुढे म्हैसाळचे देवल, तासगावचे माळी अशी या जिल्ह्यातली नावं तंबूंवर झळकत गेली. आम्हा सांगलीकरांना याचा अभिमान आहे, तो मलाही आहे. पण तंबूबरोबर पिंजऱ्याच्या गाड्याही फिरायच्या. लहानपणी वडिलांबरोबर सर्कस बघायला गेले होते, तेव्हा खेळाआधी मागच्या बाजूला नेऊन त्यांनी वाघ दाखवला होता. गजांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा, वळायचा, परत यायचा. वळताना मान एकाच बाजूला, एकाच उंचीवर झटकायचा. खेळातलं काही आठवत नाही, ती मान आठवते.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “आत्या, त्या येरझाऱ्या म्हणजे आजार असतो गं.” ती शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे वन्यप्राण्यांचंच काम करायचं म्हणते. २००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी पिंजऱ्यातल्या मांसाहारी प्राण्यांचा अभ्यास मांडला होता, तो तिने मला वाटेत समजावून सांगितला. जंगलात ज्याचा वावर जितका लांबवर, त्याच्या पिंजऱ्यातल्या येरझाऱ्या तितक्या जास्त आणि त्याची पिल्लंही तितकीच जास्त मरतात. म्हणजे चांगलं खायला घातलं, औषधपाणी केलं तरी त्यात चालणं भरून निघत नाही. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल, माकड यांचे खेळ करायला सरकारने १९९८ साली बंदी घातली आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. अंकलखोपच्या पारावर एका आजोबांना हे माहीत होतं. “बरं झालं,” एवढंच ते म्हणाले. मग थोड्या वेळाने आपणहून म्हणाले, “पर हत्तीणीचं मनाला लागलं बगा.”

हत्तीण म्हणजे नांदणीच्या जैन मठाची महादेवी, सगळ्यांची माधुरी. नांदणी इथून फार लांब नाही आणि या गावांतून जैन शेतकऱ्यांची घरं पुष्कळ. तीन दशकांहून अधिक काळ ती मठात होती. २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या आदेशाने तिला जामनगरला नेलं, तेव्हा गावंच्या गावं रडली. त्या रडण्याला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण हत्तीण रानात आई, मावश्या, बहिणी यांच्या कळपात जन्मभर राहते, रोज मैलोन्‌मैल चालते, मातीत उभी राहते. एकटी, फरशीवर, साखळीला बांधलेली हत्तीण कितीही लाडाची असली तरी तिच्या पायाचं दुखणं लाडाने बरं होत नाही. वारणेपलीकडे जोतिबाला दिलेल्या सुंदर हत्तीलाही २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला हलवावं लागलं, तेव्हाही असाच वाद झाला होता. आजोबांशी मी वाद घातला नाही. भाचीने मात्र त्यांना हत्तीच्या तळपायाबद्दल सांगितलं, आतली गादी कशी असते, ती कडक जमिनीवर कशी फुटते. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

संध्याकाळी औदुंबरच्या घाटावर दत्ताचं दर्शन घेऊन नदीकडेने चाललो. पलीकडच्या काठावर, वाळूच्या पट्ट्यावर मगर पडली होती. जबडा उघडा, हालचाल शून्य. जबडा उघडा ठेवते ती अंगातली उष्णता कमी-जास्त करायला, पण लांबून बघणाऱ्याला ती आ वासून बसल्यासारखीच वाटते. कृष्णेच्या या पट्ट्यात, भिलवडीपासून सांगलीपर्यंत, मगरी आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माणसांवर हल्लेही झालेत, काही जीव गेलेत. ज्या घरातलं पोर गेलं त्यांच्यासमोर निसर्गाचं कौतुक सांगायला तोंड उघडत नाही. तरीही “सगळ्या धरून न्या” हा उपाय मला पटत नाही. एक मगर नेली की मोकळी जागा दुसरी घेते. फेब्रुवारीपासून उन्हाळ्यापर्यंत मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, राखण करते, पिल्लं आतून ओरडायला लागली की माती उकरते आणि त्यांना जबड्यात धरून पाण्यात नेते. अंड्याभोवतीच्या मातीच्या उष्णतेवर नर होणार की मादी हे ठरतं. त्यासाठी काठ लागतो, आणि काठ वाळूउपशाने खचतोय. धुण्याचा घाट आणि मगरीचा काठ वेगळा राखता येईल, पाण्यात जाळी लावून अंघोळीची जागा बंदिस्त करता येईल. कुंपण कुणाभोवती घालायचं, हा विचार तिथून माझ्या डोक्यात बसला.

दुसरा दिवस : सागरेश्वर

देवराष्ट्रे म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. त्याच्या अंगालाच सागरेश्वरची जुनी देवळं आणि वर डोंगरावर अभयारण्य. महाराष्ट्रातलं हे वेगळंच जंगल. इथले डोंगर उघडेबोडके होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी माणसं जोडली, झाडं लावून घेतली, ती जगवली, सरकारच्या मागे लागले. हरणं आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर. एका माणसाच्या ध्यासातून डोंगर हिरवा होतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर इथे यावं.

सकाळी सातला आत शिरलो. पळस नुकता कुठे फुलायला लागला होता. पहिल्याच वळणावर चितळांचा कळप, पुढे एक सांबर. मोठी शिंगं, ओल्या मातीने माखलेली मान. आमच्याकडे बघितलं, कान हलवले, परत पाला खायला लागलं. भाची कुजबुजली, “इतक्या जवळ आलो तरी पळत नाही बघ.”

तेच मला दिवसभर टोचत राहिलं. इथे डोंगराभोवती कुंपण आहे. पिंजरा नव्हे. आत झाडं आहेत, पाणवठे आहेत, विणीचा हंगाम आहे, पाडसं जन्माला येतात. पण पिढ्यान्‌पिढ्या या हरणांच्या मागे कुणी धावलं नव्हतं. अलीकडे बिबट्या दिसतो म्हणतात, पण वाघ नाही, कोळसुंद्यांची म्हणजे रानकुत्र्यांची टोळी नाही. हरणाचे कान, डोळ्यांची जागा, पायांची लांबी हे सगळं कुणीतरी मागे लागणार या हिशेबाने घडलेलं. तो हिशेब काढून घेतला तर संख्या वाढते. संख्या वाढली की उन्हाळ्यात डोंगर पुरत नाही, आणि खाली ताकारी योजनेच्या पाण्यावर ऊस, द्राक्षं, भाजीपाला उभा. जाळी कुठेतरी फाटलेली असतेच.

खाली उतरताना एका शेतकऱ्याच्या बांधावर पाणी प्यायला थांबलो. त्यांनी हरभऱ्याचा पट्टा दाखवला. शेंडे कुरतडलेले, मधूनमधून खुरांचे खड्डे.

“रात्री राखण करायची, दिवसा काम करायचं. झोपायचं कवा?” त्यांच्या घरातल्या काकूंनी विचारलं.

“मग हरणं नकोतच म्हणता का?” मी विचारलं.

“आसं कुटं म्हनलो? मोहिते आण्णांनी झाडं लावली तवा आमच्या सासऱ्यांनी बी खड्डं खणल्यात. पर आता त्यास्नी जागा पुरंना, त्याला आमी काय करावं?”

या एका वाक्यात सागरेश्वरचा सगळा प्रश्न आला. यावर वनखात्याने जो मार्ग धरलाय तो मला मनापासून आवडतो. इथली चितळं चांदोलीत न्यायची. तिथे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात वाघाला भक्ष्य कमी पडतं, इथे हरणांना जागा कमी पडते. हरीण बेशुद्ध करून नेणं धोक्याचं असतं, नुसत्या धसक्याने ते मरू शकतं. पकडताना स्नायूंवर ताण येऊन काही दिवसांनी दगावतात, असं भाचीने सांगितलं. म्हणून आफ्रिकेतली ‘बोमा’ पद्धत वापरतात. दोन्ही बाजूंनी हिरव्या पडद्याच्या भिंती उभ्या करायच्या, सुरुवातीला रुंद आणि पुढे चिंचोळ्या होत जाणाऱ्या, शेवटी थेट गाडीत. कुणी हात लावत नाही, कुणी ओरडत नाही. प्राणी आपल्या पायांनी चालत चढतो.

चढल्यावर पुढे काय? तिथे पहिल्यांदाच मागे लागणारं कुणी भेटणार. काही हरणं पहिल्याच महिन्यांत जातील. भाचीला मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “जातीलच. पण उरतील त्यांची पाडसं पळायला शिकतील.” हे वाक्य मला तेव्हा कठोर वाटलं. चांदोलीत गेल्यावर नाही वाटलं.

तिसरा दिवस : बत्तीस शिराळा

ताकारीहून पेठ नाका ओलांडून शिराळ्याला. फेब्रुवारीत नागपंचमीचा काही संबंध नाही, गाव आपल्या कामात होतं. गोरखनाथांची कथा, जिवंत नागाची पूजा, मडक्यांतून ठेवलेले नाग, मिरवणूक हे सगळं इथल्या माणसांच्या बोलण्यात अजून ताजं आहे. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडणं आणि मिरवणं थांबलं, लोक प्रतिमेची पूजा करायला लागले. २०२५ मध्ये केंद्राने अभ्यास आणि प्रबोधनासाठी २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, त्याचं गावाला अप्रूप होतं.

शिराळकर नागाचे दात काढत नाहीत, तोंड शिवत नाहीत, पूजा झाल्यावर जिथून आणला तिथेच सोडतात, हे ते पुन्हा पुन्हा सांगतात आणि ते ऐकून घ्यायला हवं. गारुड्याच्या टोपलीतल्या नागाचे हाल वेगळेच. तरीही मला वाटतं, फणा काढून उभा राहिलेला नाग म्हणजे घाबरलेला नाग. ढोलताशाची धमक जमिनीतून त्याच्या अंगात शिरते. ज्याला आपण नमस्कार करतो तो त्या क्षणी पळायला जागा शोधत असतो. शेतात उंदीर मारणारा, बिळात निवांत पडलेला नाग हाच पूजेचा नाग, असं मानलं तर शिराळ्याचं काय कमी होणार आहे? एका किराणा दुकानदारांना मी हे विचारलं. “बाई, आमच्या आईला तुमी हे सांगा, मग बगू,” असं म्हणून त्यांनी आम्हाला चहा पाजला.

दुपारनंतर कोकरूड, चरण, आरळा करत मणदूरला मुक्कामी.

चौथा दिवस : चांदोली

मणदूरच्या नाक्यावर नोंद, गाडी तपासणी, प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा मोजून आत. सोबत गावातलाच गाईड. त्याच्या आजोबांचं गाव आता राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे, म्हणजे होतं. वारणेवर धरण झालं, वसंतसागर जलाशय भरला. १९८५ ला अभयारण्य झालं, २००४ ला राष्ट्रीय उद्यान. ३१७ चौरस किलोमीटरचा हा मुलूख मोकळा झाला तो माणसं उठवून. जोत्यांचे दगड, आंब्याची जुनी झाडं, एखादं देऊळ अजून दिसतं. जंगलात मोकळं फिरणाऱ्या प्राण्याचं कौतुक करताना ही जोती विसरायची नाहीत, असं मला वाटतं. इथल्या मोकळेपणाची किंमत ज्यांनी भरली ती माणसं अजून पुनर्वसनाच्या जमिनींच्या कागदांसाठी हेलपाटे घालतात.

जनीचा आंबा हे ठिकाण मागे टाकून वर चढलो आणि झाडी दाट झाली. जांभूळ, अंजन, हिरडा. सूर्य पानापानांतून गळत होता. तासभर काहीच दिसलं नाही. काहीच. सागरेश्वरात पाच मिनिटांत सांबर दिसलं होतं. गाडीत आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांचा मुलगा कंटाळला. “इथे प्राणी आहेत का नक्की?” त्याने विचारलं.

गाईडने गाडी थांबवायला सांगितली. धुळीत खूर दाखवला. “गवा. सकाळचाच.” पुढे झाडाच्या खोडावर उंचावर ओरखडे. “अस्वल.” मग एका ठिकाणी वाळलेली, केसांनी भरलेली विष्ठा. “कोळसुंदे. यात बघ, सांबराचे केस हायत.” तो मुलगा खाली वाकला आणि पुढचा सगळा वेळ जमिनीकडे बघत राहिला. इथला प्राणी आपल्याला बघतो, ऐकतो, वास घेतो आणि बाजूला होतो. न दिसण्याचा त्याला हक्क आहे. प्राणिसंग्रहालयातल्या जनावराला दिवसाचे आठ तास तोच एक हक्क नसतो. काचेवर थापा मारणाऱ्यांपासून लपायला त्याला आडोसा लागतो, हे आता चांगली प्राणिसंग्रहालयं ओळखतात आणि आत झाडोरा, ढोल्या, माची करून देतात. ते चांगलंच आहे. पण इथे उभं राहिलं की फरक अंगाला कळतो.

झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काळा कातळ, पिवळं गवत, आणि चारी बाजूंनी डोंगरांच्या रांगा. पश्चिमेला कडा तुटून थेट कोकण. गाईड हात करून सांगत होता : इकडे कोयना, तिकडे दक्षिणेला राधानगरी, त्याच्याही खाली तिलारी, गोवा, कर्नाटकातलं काळी. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, एकूण ११६५ चौरस किलोमीटर. तरी कितीतरी वर्षं इथे वाघ नावापुरताच होता. मग दक्षिणेकडून, रान धरून चालत, नर आले. वनखात्याने त्यांना नावं दिली : सेनापती, सुभेदार, बाजी. कुणी त्यांना आणलं नाही. पट्टा अखंड होता, म्हणून ते आले.

माद्या मात्र येईनात. वाघीण वयात आली की आईच्या मुलुखाजवळच जागा धरते, नरासारखी लांब जात नाही. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये ताडोबाहून एक वाघीण इथे आणली. मोहिमेचं नाव ‘ऑपरेशन तारा’, आणि तिचंही नाव तारा. सोनार्लीला तिच्यासाठी मोठं कुंपण घातलं होतं. त्यात भक्ष्य, पाणी, आडोसा. आल्याआल्या तिला मोकळं सोडलं असतं तर ती घाबरून कुठेही निघाली असती, कदाचित ताडोबाच्याच दिशेने. म्हणून काही काळ आत ठेवली, शिकार करते का बघितलं, मग दार उघडलं. गळ्यात रेडिओ कॉलर आहे, लांबून तिचा माग ठेवतात.

हे ऐकताना माझ्या मनातली एक गाठ सुटली. तीन दिवस मी कुंपण म्हटलं की वाईट, असं धरून चालले होते. पण सोनार्लीचं कुंपण दार उघडण्यासाठीच घातलेलं होतं. मध्य प्रदेशात कान्हाच्या अनाथ वाघिणीला माणसांपासून दूर अशाच बंदिस्त रानात वाढवलं, शिकार करू दिली आणि २०११ मध्ये पन्नात सोडलं. तिथे २००९ पर्यंत एकही वाघ उरला नव्हता. तिने पुढे पिल्लं दिली, जगवली. जनावराला कोंडलं की नाही याइतकंच, ते कशासाठी आणि किती काळ, हे महत्त्वाचं. आणि त्याला माणसाच्या हातचं खायची सवय लागली की नाही, हे त्याहून महत्त्वाचं. ती लागलेला वाघ मोकळा सोडला तर तो गावाकडेच येणार, मग लोक त्याला मारणार किंवा तो परत जन्मभर पिंजऱ्यात जाणार.

उतरताना एक शेकरू दिसलं. उंच झाडाच्या शेंड्यावरून लांब झुपकेदार शेपूट हलवत पुढच्या झाडावर गेलं, मग त्याच्या पुढच्या. फांद्या एकमेकींना भिडलेल्या होत्या म्हणून त्याला जमिनीवर उतरावं लागलं नाही. पुण्याचा मुलगा आनंदाने ओरडला, वडिलांनी त्याला गप्प केलं. वाघाचा पट्टा तुटू नये म्हणतात ते हेच, फक्त मोठ्या मापाचं. राधानगरी ते चांदोली यांच्यामध्ये घाटरस्ते आहेत, खाणींच्या मागण्या आहेत, डोंगरमाथ्यांवर बंगले उठताहेत. पट्टा तुटला की चांदोलीसुद्धा मोठं सागरेश्वर होईल.

पाचवा दिवस : कराडच्या उसात

शेडगेवाडी, उंडाळे करत कराडला निघालो. भाचीच्या ओळखीच्या एका पशुवैद्यकांचा फोन आला : उसाच्या फडात बिबट्याची दोन पिल्लं सापडलीत, यायचं तर या.

ऊसतोडीच्या हंगामात इथे हे वरचेवर होतं. बिबट्यांच्या कित्येक पिढ्या आता उसातच जन्मतात. त्यांचं रान म्हणजे ऊस : दाट, ओला, वर्षभर उभा, आत डुकरं, कुत्री. तोड आली की ते रान चार दिवसांत नाहीसं होतं. पूर्वी लोक पिल्लं उचलून नेत किंवा ती वनखात्याकडे जात आणि पिंजऱ्यात वाढत. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रात असे कितीतरी बिबटे जन्मभर राहिले आहेत. मोठे बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडले तर तिथे माणसांवरचे हल्ले वाढतात, हे वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या अभ्यासातून दाखवून दिलं. तेव्हापासून पिल्लं आईकडेच पोचवण्याची रीत पडली.

पिल्लांना मऊ हातमोज्यांनी तपासलं, वजन केलं. डोळे नुकते उघडलेले. तोडणी थांबवली होती. अंधार पडायला पिल्लं प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये, जिथे सापडली नेमक्या त्याच सरीत ठेवली, वर हलकं झाकण, बाजूला कॅमेरा. सगळ्यांना लांब पाठवलं. फडमालकांच्या घरी आम्ही थांबलो. त्यांच्या आई ओट्यावर बसून होत्या. “लेकरं हायत ती. न्हेईल ती,” त्या म्हणाल्या. मागच्या वर्षी त्यांची एक शेळी बिबट्याने नेली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

रात्री साडेनऊच्या सुमाराला आई आली. कॅमेऱ्यात दिसलं : क्रेटभोवती एक फेरी, झाकण पंजाने सरकवलं, एकाला मानेला धरून गेली. दुसऱ्यासाठी पहाटे आली.

सकाळी मालकांनी विचारलं, “आता तोडू का फड?”

भाचीने वनरक्षकांकडे बघितलं आणि सांगितलं, “रस्त्याच्या बाजूने सुरू करा. ओढ्याकडची बाजू शेवटाला ठेवा, ती आत असली तर तिकडून निघून जाईल. आणि टोळीतल्या लहान पोरांना आज फडात नेऊ नका.”

मालकांनी मुकादमाला हाक मारून तेच सांगितलं. कारखान्याची गाडी दुपारी यायची होती, नऊच्या आत कोयते सुरू झाले.